जुनं पान की नवं पान?

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी आम्ही घरी गोड्या पाण्याची ६० लिटरची टाकी सुरू केली. तळाला धुतलेली साधी खडी आहे. मासे फार नाहीत, आठ निऑन टेट्रा आणि थोड्या चेरी श्रिंप (बारक्या कोळंब्या). ॲमेझॉन सोर्डची दोन झाडं, तीन क्रिप्ट, एक अनुबियास, एक जावा फर्न, थोडा रोटाला आणि मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया लावला. पहिल्या पंधरवड्यातच क्रिप्टची पानं विरघळून त्यांचा चिकट लगदा झाला. सोर्ड सुरुवातीला छान वाढले, पण आता त्यांच्या जुन्या पानांना भोकं पडतायत, कडा पिवळ्या होतायत, आणि नवी पानं फिकट, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या. अनुबियासचं एकेक पान पिवळं होऊन गळतंय, बुडखा हाताला मऊ लागतो. जावा फर्नच्या पानांखाली तपकिरी पुटकुळ्या आल्या आहेत. रोटालाचे शेंडे आखूड आणि वाकडे. नळाचं पाणी जड आहे म्हणून दोन महिन्यांपासून आम्ही पूर्ण आरओचं पाणी घालतो. दिवा १२ तास चालू असतो. आधी एक द्रवखत घातलं, मग दुसरं, मग ‘लिक्विड कार्बन’. त्यानंतर आठवड्याभरात व्हॅलिस्नेरिया आडवा झाला. आता पानांच्या कडांवर काळं केसाळ शेवाळ चढलंय आणि बारक्या गोगलगायीही वाढल्या आहेत. हा कोणता रोग आहे? औषध कोणतं घालायचं? पानं गोगलगायी खातायत का? की सगळं उपटून नवी रोपं लावावी?

उत्तर: तुमच्या टाकीत रोग नाही, त्यामुळे औषधही नको आणि उपटाउपट तर मुळीच नको. पाण्यातल्या वनस्पतींना खरे संसर्गजन्य रोग होतात, पण घरच्या टाकीत ते क्वचितच दिसतात. पान पिवळं पडलं, त्याला भोकं पडली, ते वितळलं, की बहुतेक वेळा कारण तीनांपैकी एक निघतं: काहीतरी कमी पडतंय, काहीतरी अचानक बदललंय, नाहीतर झाड चुकीच्या पद्धतीनं लावलंय. तुमच्याकडे तिन्ही आहेत आणि ती वेगवेगळ्या झाडांवर आहेत. म्हणून सगळ्यांवर मिळून एकच उतारा शोधत गेलात तर हाती काही लागणार नाही. तुमचं पत्र मात्र उत्तम आहे. कोणत्या पानावर काय दिसतंय ते तुम्ही नीट लिहिलंय, आणि निदानाचं निम्मं काम तिथेच होतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. बिघाड जुन्या पानांवर आहे की नव्या? नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं झाड आपल्या अंगात एका ठिकाणाहून दुसरीकडे नेऊ शकतं. यांतलं एखादं कमी पडलं की ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना पुरवतं, आई पोटाला चिमटा काढून लेकरांना भरवते तसं. म्हणून या द्रव्यांचा तुटवडा आधी जुन्या, खालच्या पानांवर दिसतो. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांचं उलट आहे. ती एकदा पानात बसली की बसली, तिथून हलत नाहीत. त्यांचा तुटवडा नव्या पानांवर, शेंड्यावर दिसतो. जुनी पानं हिरवीगार आणि शेंडा आजारी, असं दृश्य दिसलं की या दुसऱ्या गटाकडे वळायचं.

आता तुमच्या सोर्डकडे येऊ, कारण त्याच्यावर दोन्ही गटांच्या खुणा एकाच वेळी आहेत. जुन्या पानांवर टाचणीनं टोचल्यासारखे ठिपके, त्यांच्याभोवती पिवळी-तपकिरी कड, पुढे त्यांची मोठी भोकं आणि पिवळ्या पडत जाणाऱ्या कडा, हे पोटॅशियम कमी पडल्याचं ओळखीचं चित्र आहे. नवं पान फिकट आणि शिरा हिरव्या, हे लोहाचं. (हेच हिरव्या शिरांचं जाळं नव्या पानांऐवजी जुन्या पानांवर दिसलं तर संशय मॅग्नेशियमवर जातो. जुनं पान शिरांसकट सरसकट पिवळं होऊन गळत असेल तर नायट्रोजनवर.)

मग सोर्ड पहिले दोन महिने छान का वाढला? रोपवाटिकेत ही झाडं भरपूर खतावर वाढवलेली असतात. घरी आल्यावर काही आठवडे ती अंगातल्या साठ्यावर काढतात. साधी खडी ही निव्वळ दगड, तिच्यात खायला काही नाही. सोर्ड तर मुळांनी भरपूर खाणारं झाड, त्याचं मूळजाळं टाकीभर पसरतं. साठा संपला तेव्हा लक्षणं दिसू लागली, म्हणजे तुमच्या हातून चौथ्या महिन्यात काही बिघडलं असं नाही. मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्या मिळतात, त्यांना रूट टॅब म्हणतात. प्रत्येक सोर्डच्या बुंध्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर दोन गोळ्या खोल खुपसा. वर राहिल्या तर त्या पाण्यात विरघळून शेवाळाला पोसतील. लेबलावर जी मुदत लिहिलेली असेल, बहुतेकदा दोन-तीन महिने, त्यानंतर पुन्हा घाला. क्रिप्टच्या मुळाशी एकेक गोळी पुरे.

द्रवखताच्या बाटल्यांवर काय लिहिलंय ते एकदा शांतपणे वाचा. बरीच सर्वसाधारण द्रवखतं मुद्दाम नायट्रोजन आणि फॉस्फरसशिवाय बनवलेली असतात. माशांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून ते मिळेलच, असा त्यामागचा हिशोब असतो. भरपूर मासे असलेल्या टाकीत तो बरोबर ठरतो. ६० लिटरमध्ये आठ निऑन म्हणजे मात्र जवळजवळ उपासच, आणि त्यातून आरओचं पाणी! त्यामुळे नायट्रेटची चाचणी करून बघा. वनस्पती असलेल्या टाकीत लिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम नायट्रेट असलं की चिंता नसते. पाचच्या खाली असेल तर नायट्रोजन बाहेरून द्यावा लागेल, आणि त्यासाठी पोटॅशियम नायट्रेट सोयीचं, कारण त्यात दोन्ही येतं. टाकीतली खडी-दगड वजा जाता तुमच्याकडे प्रत्यक्ष पाणी साधारण ५० लिटर असेल. तेवढ्या पाण्यात ०.८ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेटनं नायट्रेट लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम वाढतं आणि पोटॅशियम सुमारे ६. नायट्रेट आधीच पुरेसं निघालं तर पोटॅशियम सल्फेट घ्या: १.१ ग्रॅमनं त्याच पाण्यात पोटॅशियम लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम वाढतं. वजनासाठी छोटा डिजिटल काटा वापरा, चमचा-चिमटीच्या अंदाजावर जाऊ नका. आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून मग टाकीत ओता.

दोन वेगवेगळी द्रवखतं एकाच वेळी ओतणं थांबवा. लोह आणि फॉस्फेट एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा साका होतो आणि झाडाच्या वाट्याला दोन्हीही येत नाहीत. फॉस्फेटचं खत कधी घालायची वेळ आली तर लोहाच्या दुसऱ्या दिवशी घाला. लोह कोणत्या रूपात आहे तेही बघा. ईडीटीए या रूपातलं लोह आम्लधर्मी पाण्यात ठीक चालतं, पण पीएच सातच्या वर गेला की ते टिकत नाही. डीटीपीए रूपातलं त्याहून बरं, साधारण साडेसातपर्यंत तग धरतं. पुढे मी तुम्हाला नळाचं पाणी मिसळायला सांगणार आहे, त्यानं पीएच वर सरकेल. तेव्हा पुढची बाटली घेताना डीटीपीए शोधा.

आरओच्या पाण्याविषयी मला जरा जास्त बोलायचंय, कारण तुमचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालंय आणि ते चांगल्या हेतूनं झालंय. आरओ यंत्र पाण्यातलं जवळजवळ सगळंच काढून टाकतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही गेलं. कॅल्शियम हे पेशींच्या भिंती उभारायला लागतं. ते नसेल तर नवी पानं लहान, मुडपलेली, वाकडी येतात आणि शेंडा खुंटतो. तुमच्या रोटालाचे आखूड वाकडे शेंडे हेच सांगतायत. कोळंब्यांना कात टाकून नवं कवच घडवायलाही हीच द्रव्यं लागतात, तेव्हा त्यांच्याकडेही लक्ष ठेवा.

व्हॅलिस्नेरियाचं दुखणंही निम्मं इथलंच. पाण्यात मोकळा कार्बन डायऑक्साइड कमी असला तर ही वनस्पती बायकार्बोनेटमधून कार्बन मिळवू शकते, म्हणूनच जड पाण्यात ती जोमानं वाढते. तुम्ही ते पाणी काढून घेतलंत, तिचा कार्बनचा हा दुसरा मार्ग बंद झाला, आणि त्यावर ‘लिक्विड कार्बन’ ओतलंत. या नावानं विकल्या जाणाऱ्या बहुतेक बाटल्यांत ग्लुटरल्डिहाइड असतं. हे मुळात वैद्यकीय उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते रसायन. पुष्कळ झाडं त्याची ठरलेली मात्रा सोसतात, पण व्हॅलिस्नेरियाला ते सोसत नाही हे या छंदातल्या लोकांच्या चांगलंच परिचयाचं आहे. एजेरिया ही पाणवनस्पतीही त्यानं वितळते. तेव्हा ती बाटली आता बंद. पुढे कधी वापरायची झालीच तर हातमोजे घाला आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. आडव्या झालेल्या व्हॅलिस्नेरियाची मऊ पानं कापून टाका, पण खडीतला बुडखा पांढरा आणि टणक असेल तर तो राहू द्या. त्यातून पुन्हा पातं फुटण्याची चांगली शक्यता असते.

पाण्याची दुरुस्ती अशी करा. नळाचं आणि आरओचं पाणी निम्मंनिम्मं मिसळा, नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते घालवणारं द्रावण आधी घाला. दर वेळी टाकीतलं २५ ते ३० टक्केच पाणी बदला, म्हणजे तीन-चार आठवड्यांत टाकी हळूहळू नव्या पाण्यावर येईल. एकदम निम्मी टाकी बदललीत तर निऑन आणि श्रिंप दोघांनाही झटका बसेल. जडपणा मोजायचं किट असेल तर जीएच, म्हणजे पाण्याचा एकूण जडपणा, ४ ते ६ अंशांपर्यंत आणा, या यादीतल्या सगळ्या झाडांना ते चालतं. एक धोका आवर्जून सांगते. घरात पाणी मृदू करणारं सॉफ्टनर बसवलेलं असेल तर त्यातलं पाणी टाकीत घालू नका. ते यंत्र कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतं. पाणी मऊ लागतं, पण झाडाच्या दृष्टीनं तो तोट्याचा सौदा आहे. सॉफ्टनरच्या आधीच्या नळातून पाणी घ्या.

क्रिप्ट मेलेले नाहीत. तुम्ही उपटून फेकले नसतील अशी मला फार आशा आहे. क्रिप्टोकोरीनची ही सवयच आहे: पाणी, प्रकाश, तापमान, जागा, काहीही अचानक बदललं की ती पानं टाकून देते. शिवाय बाजारात येणारी बरीच रोपं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. हवेतलं पान पाण्यात टिकायला घडलेलंच नसतं. झाड ते सोडून देतं आणि पाण्यात जगणारं नवं पान काढतं, ते दिसायलाही वेगळं असतं. हे फक्त क्रिप्टचं नाही, सोर्डचीही पहिली काही पानं अशीच जातात. वितळलेली पानं बुडापासून कापून सायफननं ओढून घ्या, कारण ती सडत राहिली तर अमोनिया वाढतो आणि माशांना त्रास होतो. मुळांना हात लावू नका. तीन-चार आठवड्यांत खडीतून एखादं तपकिरी किंवा हिरवं टोक वर येईल. जागा आवडली नाही म्हणून आता पुन्हा हलवलंत तर सगळं परत पहिल्यापासून.

मूळ जिवंत आहे की नाही अशी फारच शंका आली तर एकच रोप बोटभर खडी बाजूला सारून बघा. पांढरट, टणक मूळ म्हणजे जिवंत. काळं, चिघळलेलं आणि कुजक्या अंड्यासारखा वास असलेलं मूळ म्हणजे तळाला हवा पोहोचत नाहीये. तसं निघालं तर पाणी बदलताना बारीक काडीनं खडी इथे-तिथे हलकेच टोचून मोकळी करा.

अनुबियासच्या बाबतीत मात्र घाई करा. ज्याला तुम्ही बुडखा म्हणता ते त्याचं आडवं वाढणारं जाड खोड आहे, आणि ते खडीत पुरलं की कुजतं. सोर्डसारखंच लावलं असणार तुम्ही, बहुतेक जण तसंच लावतात. आजच बाहेर काढा. स्वच्छ, धारदार ब्लेडनं मऊ झालेला भाग कापत जा, आतून हिरवट-पांढरा, कडक गर लागेपर्यंत. उरलेला तुकडा दोन-तीन पानांचा असला तरी जगतो. तो दगडाला किंवा लाकडाला सुती दोऱ्यानं बांधा किंवा जेलसारख्या सुपरग्लूच्या थेंबानं चिकटवा. त्या गोंदातलं सायनोॲक्रिलेट पाण्यात लगेच घट्ट होतं आणि माशांना अपाय करत नाही. मुळं खडीत गेली तर हरकत नाही, खोड वर राहिलं पाहिजे. कापतानाही आतपर्यंत सगळं पारदर्शक, जेलीसारखं निघालं आणि हिरवी पानंसुद्धा हात लावताच सुटून आली, तर ते झाड टाकून द्या. अनुबियासमध्ये एक संसर्गजन्य सड असते, ती अशी दिसते आणि दुसऱ्या अनुबियासला लागू शकते. वर मी क्वचित म्हटलं ते रोग हेच.

जावा फर्नचं खोडही पुरलं असेल तर तेही मोकळं करा. पानाखालच्या पुटकुळ्या ओळीनं, एकसारख्या असतील तर ते बीजाणूंचे पुंजके आहेत, नेच्याच्या कोणत्याही पानाखाली असतात तसे. झाड उत्तम आहे. काही दिवसांनी पानाच्या टोकाला इवलीशी रोपंही दिसतील, ती बोटभर झाली की तोडून दुसऱ्या दगडावर लावा.

गोगलगायी निर्दोष आहेत. टाकीत आपोआप येणाऱ्या बारक्या जाती सडकं, मऊ पडलेलं पान खातात, धडधाकट पानाला सहसा तोंड लावत नाहीत. तुम्हाला त्या भोकांपाशी दिसतात कारण तिथे मेलेला भाग असतो. कुरतडलेल्या पानाची कड स्वच्छ, तुटल्यासारखी असते आणि तुमच्या पानांची कड पिवळी आहे, यातच उत्तर आलं. त्या फार वाढल्या असतील तर माशांचं खाणं कमी करा. गोगलगायी मारायचं औषध कृपा करून घालू नका. त्यांतल्या अनेकांत तांबं असतं आणि त्यानं तुमच्या सगळ्या श्रिंप मरतील.

राहिला काळा केसाळ थर. ते ब्लॅक बिअर्ड शेवाळ, रंगानं काळं असलं तरी जात लाल शेवाळांची. हे मंद वाढणाऱ्या, म्हाताऱ्या, आजारी पानांवर बसतं, आणि कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त होत राहिला की फोफावतं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, म्हणून तुमच्यासारख्या सिलिंडर न लावलेल्या टाकीत तो नेहमीच तुटपुंजा असतो. अशात १२ तास दिवा म्हणजे झाडाला कामाला जुंपायचं आणि खायला द्यायचं नाही. झाड जेवढा प्रकाश वापरू शकत नाही, तेवढा शेवाळ वापरतं. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९व्या शतकात शेतीसाठी जो नियम रूढ केला तो इथेही तसाच लागू आहे: जे द्रव्य सगळ्यात कमी, त्याच्यावर वाढ अडते, बाकी कितीही ओतलं तरी. तेव्हा दिवा आजपासून ७ तासांवर आणा आणि टायमर लावा, म्हणजे रोजची वेळ एकच राहील. शेवाळानं भरलेली जुनी पानं कापा. अनुबियासचं एखादं चांगलं पान वाचवायचं असेल तर झाड पाण्याबाहेर असतानाच त्या पानावर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशनं लावा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि धुऊन टाका. शेवाळ काही दिवसांत गुलाबी किंवा पांढरट पडलं की ते मेलं. अनुबियासची जागा सावलीत, सोर्डच्या पानांखाली ठेवा, कारण मंद वाढणाऱ्या पानावर थेट प्रकाश म्हणजे शेवाळाला आमंत्रण.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घ्यावा का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण शेजारीपाजारी कुणीतरी सुचवेलच. तुमच्या यादीतल्या झाडांना त्याची गरज नाही. रोटाला त्यानं भरगच्च होईल, बाकीची त्याच्याविना सुखानं जगतात. घेतलातच तर लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका, दिव्याबरोबर तो बंद होईल अशी सोय करा, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागले की लगेच बंद करा. आधी हे सगळं सावरू द्या.

क्रम कसा ठेवायचा? अनुबियास, कापाकापी, दिव्याची वेळ आणि लिक्विड कार्बन बंद, हे या आठवड्यात. पाण्याचं मिश्रणही याच आठवड्यापासून सुरू. रूट टॅब पुढच्या आठवड्यात. पोटॅशियम आणि लोह त्यानंतर, नायट्रेट मोजून झाल्यावर, तेही बाटलीवरच्या निम्म्या मात्रेनं. एका वेळी सगळं करायचा मोह होईल, आणि तुम्ही आतापर्यंत तेच करत आलात. खत, दुसरं खत, कार्बन, पाणी, सगळं बदललं की काय लागू पडलं आणि कशानं घात केला हे कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. एवढं झालं की पुढच्या प्रत्येक बदलानंतर दोन ते तीन आठवडे थांबा. झाडाला नवं पान काढायला तेवढा वेळ लागतोच.

आणि सुधारणा पाहताना जुनी पानं पाहू नका. भोक पडलेलं पान पुन्हा भरत नाही, पिवळं पडलेलं पान क्वचितच पहिल्यासारखं हिरवं होतं. ते तसंच राहणार आणि एक दिवस तुम्ही ते कापणार. आज सोर्डच्या मधल्या सगळ्यात कोवळ्या पानाचा फोटो काढा, दर आठवड्याला त्याच कोनातून, त्याच दिव्यात पुन्हा काढा. त्याच्या नंतरचं पान आधीच्यापेक्षा हिरवं आलं की लोह पोहोचलंय. रोटालाचा शेंडा सरळ, मोठ्या पानांचा आला की कॅल्शियम पोहोचलंय. तेव्हा तो चांगला वरचा भाग दहा सेंटिमीटर कापून खडीत लावा आणि खालचा पानं गळालेला दांडा काढून टाका. खालची पानं गळणं हे रोटालात बरेचदा नुसतं सावलीमुळेही होतं, त्याचं मनाला लावून घेऊ नका. टाकीचं पाणी २४ ते २६ अंशांवर राहील असं बघा. ३० च्या वर गेलं की पाण्यात वायू कमी मावतात, झाडांची श्वसनाची गरज वाढते, आणि आधीच कमजोर झाडं आणखी मागे पडतात.

नवी रोपं आणायची असतील तर सोर्ड किंवा क्रिप्टच्या जागी नको, त्यांच्या सोबतीला आणा. हॉर्नवर्टसारखी भराभर वाढणारी, तरंगती वनस्पती दोन मुठी टाका. ती पाण्यातलं जास्तीचं खत ओढून घेईल आणि शेवाळाला कमी शिल्लक ठेवेल. पण तिच्यामुळे खालच्या झाडांचा प्रकाशही वाटला जाणार, म्हणून दर आठवड्याला निम्मी काढून टाकत जा. टाकीत सोडण्याआधी एखाद्या बादलीत साध्या पाण्यात आठवडाभर वेगळी ठेवा, रोज पाणी बदला. रोपवाटिकेत फवारलेली कीटकनाशकं श्रिंपना घातक असतात आणि ती धुऊन जायला तेवढे दिवस द्यावे लागतात.